बाबांच्या शेजारची जागा

आमच्या कब्रस्तानात माझ्या वडिलांच्या कबरीच्या डाव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी आहे. ती आईची. नवरा-बायकोला शेजारी शेजारी ठेवायची आमच्यात रीत आहे. एक गेला की दुसऱ्याची जागा तेव्हाच आखून घेतात आणि चार कोपऱ्यांना चार दगड गाडतात. ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळे कबरींना चुना लावायला जातात, तेव्हा त्या चार दगडांनाही चुना लागतो. आई दर वर्षी स्वतःची जागा स्वतः झाडते आणि तिथंच फतकल मारून थर्मासमधला चहा पिते. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. आम्हाला वाटत नाही.

ही जागा आईच्या हातून जायची वेळ आली होती. ज्या नियमानं ती जाणार होती तो मी लिहिलेला होता.

मी एसटीत कंडक्टर आहे. वीस वर्षं होत आली. नऊ वर्षांपासून वसमतच्या आमच्या चर्चच्या कमिटीची सेक्रेटरीही आहे. यात मोठेपणा काही नाही. रजिस्टर लिहायला कोणी तयार नव्हतं आणि मला लिहायचा कंटाळा नाही. आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, जुन्या मिशनची. पत्र्याचं छप्पर, सत्तावीस-अठ्ठावीस कुटुंबं, एक पाळकसाहेब, तेही दोन गावांत वाटलेले. आमच्याकडे लेकराला महिन्या-दोन महिन्यांचं असताना चर्चमध्ये आणतात, पाळकसाहेब त्याच्या डोक्यावर पाणी घालतात, आई-बाप त्याच्या वतीनं वचन देतात. तोच बाप्तिस्मा. मोठं झाल्यावर ते वचन लेकरानं स्वतः उच्चारायचं. आमची समजूत अशी की देवाची कृपा माणसाच्या कळण्याच्या आधी येते. तारण देवाचं काम, आपण नंतर त्याला हो म्हणायचं.

काही वर्षांपूर्वी बाळापूरच्या रस्त्याला एका गोदामात दुसरी मंडळी सुरू झाली. त्यांचा पास्टर तरुण, मन लावून प्रार्थना करणारा. त्यांचं म्हणणं उलटं. लेकराला विश्वास म्हणजे काय ते कळत नाही, तेव्हा त्याच्या डोक्यावरचं पाणी नुसतं पाणी. माणसानं जाणतेपणी पश्चात्ताप करायचा, नवा जन्म घ्यायचा, आणि मग पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यायचा. त्याशिवाय तारणाची खात्री नाही.

आमचे लोक सकाळी आमच्याकडे आणि संध्याकाळी तिकडे जाऊ लागले. सात-आठ जणांनी बुडून दुसरा बाप्तिस्मा घेतला. आमची कमिटी पेटली. नुसती चिडचिड करून काय उपयोग, नियम करा, असं मीच म्हणाले, आणि मीच लिहिला. जी व्यक्ती दुसरा बाप्तिस्मा घेईल तिने आपला पहिला बाप्तिस्मा खोटा ठरवला असे समजून तिचे नाव रजिस्टरमधून कमी करावे. तिला प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षरस आणि कब्रस्तानात जागा मिळणार नाही. वाचून दाखवल्यावर सगळ्यांनी हात वर केले. कमिटीतले निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "बाई, वकिलानं लिहिल्यासारखं लिहिलंत." मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही.

नियम पहिल्यांदा लागू झाला तो जवळा बाजार गावातल्या एका म्हातारीला. ती विधवा होती. तिचा मुलगा तिकडच्या मंडळीत गेला, त्याच्या मागोमाग तीही गेली, बुडून बाप्तिस्मा घेतला. मी रजिस्टरमध्ये तिच्या नावावर रेघ मारली. वर्षाच्या आत, दसऱ्याच्या आसपास, ती वारली. तिचा नवरा आमच्या कब्रस्तानात होता आणि त्याच्या शेजारी तिचे चार दगड होते. मुलगा मोटारसायकलवरून आला. मी कब्रस्तानाच्या फाटकाशी उभी होते, कारण निरोप आधीच आला होता आणि किल्ली माझ्याकडे असते.

"आक्का, खड्डा आमीच खांदतो. तुमच्या पाळकाची बी गरज न्हाई. दोन तासांचं काम हाय."

"नियम आहे," मी म्हणाले.

"जागा तर तिचीच हाय ना? दगडं दिसून राहिलेत."

"होती. तिचं नाव कमी झालंय."

तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं मोटारसायकल वळवली आणि गेला. त्यांनी म्हातारीला स्वतःच्या शेताच्या बांधाला पुरलं. माझी दोनची ड्यूटी होती, मी डेपोत गेले. त्या दिवशी गाडीत मी नेहमीसारखी तिकिटं फाडली, एका माणसाशी सुट्ट्यावरून वादही घातला. मला काही टोचत नव्हतं. नियम सगळ्यांना सारखा, आणि तो मी पाळला, एवढंच डोक्यात होतं.

आता भावाबद्दल सांगते. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. जळालेल्या मोटारी रिवाइंडिंग करून द्यायचं त्याचं दुकान आहे. दहा-बारा वर्षं तो दारूत होता. आमच्या मंडळीनं त्याच्यासाठी काही कमी केलं नाही. पाळकसाहेब घरी येत, प्रार्थना होत, मी दोनदा त्याला उपचाराला नेलं. काही झालं नाही. बाबा गेले त्या दिवशी तो दुकानाच्या मागं पडलेला होता, मातीलाही आला नाही. मग त्याच्या एका गिऱ्हाइकानं त्याला गोदामातल्या मंडळीत नेलं. तिथं त्यानं बुडून बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आमचा नियम व्हायचा होता, आणि तीन महिन्यांत त्याची दारू सुटली. आज सहा वर्षं झाली. हे कसं झालं ते मला माहीत नाही. झालं, एवढं मी रोज डोळ्यांनी बघते. त्याला विचारलं तर तो म्हणतो, "मी मेलेलोच होतो आक्का. पाण्यात गेलो आन् जित्ता होऊन वर आलो." ज्याच्या बाबतीत असं घडलं त्याला त्या पाण्याशिवाय तारण दिसत नाही, यात नवल काय? त्याच्या बाजूनं ते बरोबरच आहे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आईला दम लागायला लागला. डॉक्टरांनी हृदय कमजोर झाल्याचं सांगितलं, गोळ्या वाढवल्या. आई शहात्तर वर्षांची, माझ्याकडे राहते. तेव्हापासून भाऊ रोज दुकान बंद करून यायचा आणि आईच्या पायाशी बसायचा. आधी प्रार्थना करायचा, मग रडायचा.

"माय, तुझा बाप्तिस्मा झालाच न्हाई. तू तवा तान्ही होतीस. तुला काय कळत होतं?"

"काहीच न्हाई."

"मग? तू अशीच गेलीस तर मी तुला वर कुठं शोधू?"

मी भाकरी थापत होते. राहवलं नाही. "तिला स्वतःचा जन्म तरी कुठं आठवतो? मग ती जन्मलीच नाही का?"

"आक्का, तू गप. तू तर देवाला बी दारात आडवून तिकीट दाखवा म्हणशील."

आई हसली. मला हसू आलं नाही.

आईनं पाळकसाहेबांना बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं, "मी तारले गेले का न्हाई?" पाळकसाहेब म्हणाले की देवानं एकदा धरलेला हात तो सोडत नाही, पुन्हा बाप्तिस्मा घेणं म्हणजे पहिल्या वेळी देव हजर नव्हता असं म्हणणं. आईनं मान हलवली. मग भावाबरोबर पास्टर आला. त्यालाही तिनं तेच विचारलं. तो म्हणाला, "आजी, तुमच्या विश्वासावर मला शंका नाही. पण आधी विश्वास, मग पाणी, असा क्रम वचनात आहे. तुमचं उलटं झालंय." आईनं त्यालाही मान हलवली. दोघांनाही चहा दिला. दोघं गेल्यावर मी विचारलं, "काय ठरवलंस?"

"दोघं बी आपल्या जागी बराबर हायेत," ती म्हणाली. "मी पाण्यात जाते."

मी तिच्यासमोर बसले आणि प्रवाशाला भाडं सांगावं तसं सांगितलं. नाव कमी होईल. प्रभुभोजन बंद होईल. बाबांच्या शेजारची जागा जाईल.

"तुझ्याच नियमानं ना?"

"हो."

"मग जाऊ दे."

"काहून पण? तुला वाटतं का की तू अजून तारली गेली नाहीस?"

"मला तसं काही वाटत न्हाई." ती गोळीचं पाकीट हातात फिरवत होती. "तारण कसं दिसतंय ते मी येकदाच पाह्यलं. ह्या पोराच्या तोंडावर. त्याच्या बापाच्या मातीला न आलेलं लेकरू आता रोज माझ्या पायाशी बसून राहिलंय. ज्यांनी ते आणून दिलं त्यांनी येक गोष्ट मागितली. तिला मी न्हाई कसं म्हणू? आन् त्याला झोप येऊन न्हाई राहिली, बाई. मी गेल्यावर बी त्याला झोप लागली न्हाई, तर परत बाटलीकडं जाईल."

आईचं म्हणणं पास्टरच्या शिकवणीत बसत नव्हतं आणि आमच्याही बसत नव्हतं. पण ते पक्कं होतं, आणि आई पक्की झाली की मी वेळ घालवत नाही. मी दोनच अटी घातल्या. ऊन चढल्यावर दुपारी बाराला, आणि पाण्यात एका बाजूला मी.

बाप्तिस्मा त्यांच्यातल्या एका हळदवाल्याच्या शेततळ्यात होता. हळद शिजवायचे दिवस होते, बांधाच्या पलीकडं कढई चालू होती आणि वास तळ्यापर्यंत येत होता. शेततळ्याला खालपासून वरपर्यंत काळा प्लास्टिकचा कागद असतो आणि तो शेवाळानं साबणासारखा होतो. पाय घसरला तर चांगला पोहणाराही वर येऊ शकत नाही. मी आधी जाऊन दोर तपासला, एक जुना दोर बदलायला लावला, काठावर टायर बांधून घेतले. पास्टरनं मुकाट्यानं सगळं केलं. एक बाई म्हणाली, "आक्का, प्रभू सांभाळतोय." मी म्हणाले, "सांभाळू दे. दोर पण असू दे."

दोराला धरून आम्ही तिघं उतरलो. आई मध्ये, भाऊ उजवीकडं, मी डावीकडं. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं. पास्टरनं विचारलं, "येशू तुमचा तारणारा आहे असा तुमचा विश्वास आहे का?"

"हाय."

"आज तुम्ही त्याला आपल्या जीवनात स्वीकारता का?"

आई थोडं थांबली. "आज न्हाई. तो लई दिसांपासून हाय."

काठावर त्यांच्या लोकांचं चाललेलं गाणं थांबलं. पास्टर गोंधळला. त्यांच्याकडं इथं ठरलेलं उत्तर असतं. त्यानं भावाकडं पाहिलं.

"आजी, मग हा बाप्तिस्मा कशासाठी?"

"तुमी म्हणता त्यासाठी. विश्वास ठेवून बुडायचं ना? ठेवला. आता बुडवा, मला थंडी वाजून राहिली."

पास्टर अर्धा मिनिट डोळे मिटून उभा राहिला. मग त्यानं तिला बुडवलं. त्या अर्ध्या मिनिटात त्याच्या मनात काय चाललं ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण तो माणूस मला त्या दिवसापासून आवडतो. आई खोकत वर आली आणि पहिला शब्द बोलली, "नाकात गेलं रे." भाऊ तिच्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला. मी तिला वर काढलं, कोरडं लुगडं नेसवलं, गोळी दिली. भाऊ त्या आठवड्यात शांत झोपला, असं त्याची बायको म्हणाली.

पुढच्या रविवारी आमची कमिटी होती. फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले होते. कोणी विषय काढायच्या आत मीच काढला. "माझ्या आईनं दुसरा बाप्तिस्मा घेतलाय. ठरावाप्रमाणे नाव कमी करायचंय."

हेडमास्तर घसा खाकरून म्हणाले, "बाई, घाई कशाला? वय झालंय त्यांचं. पोरानं गळ घातली. आपल्याला अधिकृत काही कळलेलं नाही, असं धरू."

"मी सांगतेय ना अधिकृत."

"तुमच्या आईचं वेगळं हो. त्यांनी मंडळीत आयुष्य काढलंय."

कोपऱ्यात आमच्या कमिटीतली सगळ्यात वयस्कर बाई बसली होती. ती चर्च झाडते, घंटा वाजवते, आणि मीटिंगमध्ये सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "सेक्रेटरीची माय बुडली की पाणी वेगळं असतंय व्हय? जवळ्याची म्हातारी बी आयुष्य काढूनच गेली होती."

मला वाटलं होतं, मी आईचं नाव स्वतः पुढं केलं म्हणजे माझी बाजू साफ झाली. ती झाली नव्हती. मी तिचं नाव पुढं केलं ते हेडमास्तरांसारखा कोणीतरी ते मागं सारेल, हे मनात कुठंतरी ठाऊक असल्यामुळंच की काय, असं मला तिथं बसल्या बसल्या वाटून गेलं. अजूनही वाटतं. खात्री नाही.

मी म्हणाले, "ठराव रद्द करा."

त्यावर दीड तास वाद झाला. हेडमास्तरच सगळ्यात चिडले, आणि त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. "मग आपला विश्वास काय राहिला? तेही बरोबर, आपणही बरोबर, तर लेकरांना पाणी कशाला घालायचं? उद्या कोणी म्हणेल दोन्हीची गरज नाही." पाळकसाहेबांनी इतका वेळ ऐकून घेतलं होतं. ते म्हणाले, "आपली शिकवण मी बदलणार नाही. दुसरा बाप्तिस्मा चूक आहे असंच मी रविवारी सांगेन. पण कोण तारलं गेलं याचा निकाल द्यायचं काम आपल्याला कोणी दिलेलं नाही. आपण कब्रस्तानाच्या फाटकावर तो देत होतो." कोणीतरी हळूच मला म्हणालं, "स्वतःच्या घरावर आलं म्हणून नियम मोडला." मी म्हणाले, "हो, म्हणूनच." दुसरं काय म्हणणार? तसंच होतं ते.

अखेर एवढं ठरलं की प्रभुभोजनाचं पाळकसाहेबांनी बघावं, आणि ज्याचं माणूस कब्रस्तानात आहे त्याला शेजारची जागा मिळावी, त्याचा बाप्तिस्मा विचारू नये. हेडमास्तरांनी हात वर केला नाही. मी ठराव लिहिला. या वेळी कोणी लिहिण्याचं कौतुक केलं नाही.

त्यानंतरच्या सुट्टीला मी जवळा बाजारला गेले. एकटीच, साध्या साडीत, प्रवाशासारखी तिकीट काढून. म्हातारीचा मुलगा शेतात होता. कापूस निघून गेला होता, पऱ्हाट्या उपटून त्यानं बांधाला ढीग घातले होते. मला बघून त्यानं हात पुसले. बस म्हणाला नाही, जा पण म्हणाला नाही.

मी आलेलं काम सांगितलं. नियम रद्द झाला आहे. तिच्या नवऱ्याशेजारची जागा तशीच मोकळी आहे, कोणाला दिलेली नाही. त्यांना वाटलं तर तिथं तिच्या नावाचा दगड लावता येईल.

"तुमच्या मायचं कळलं," तो म्हणाला. "शेततळ्याचं. तिला मिळून राहिली ना जागा?"

"हो."

"बरं झालं."

तो मला बांधापलीकडं घेऊन गेला. मातीचा उंचवटा होता, वर काटेरी फांद्या टाकलेल्या, शेळ्यांनी चढू नये म्हणून. क्रूस लोखंडी, शेताच्या फाटकासाठी वापरतात तसल्या पाइपचा. तिथं मी प्रार्थना केली का असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच होतं की इथून तिच्या नवऱ्याची कबर बसनं तासाभरावर आहे.

"आता तिला हालवायची न्हाई," तो म्हणाला. "दगड बी नको. तिथं नाव आन् इथं माणूस, असलं कशाला?"

"तुमची मर्जी."

"आक्का, येक सांगू? माझी माय तारली गेली का न्हाई, ह्याची मला फिकीर कधीच नव्हती. ते तुमच्या हातात नव्हतंच. तुमच्या हातात नुसती तेवढी जागा होती."

मी म्हणाले, "चूक माझी होती."

तो मला नाही म्हणेल, जाऊ द्या म्हणेल, असं मला वाटलं असावं, कारण मी थांबले.

"व्हय," तो म्हणाला, आणि पऱ्हाट्यांच्या ढिगाकडं गेला.